आठ शब्द, सोळा उड्या

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनाला सुरू झाला. आज त्याची लेखसंख्या लाखाच्या घरात आहे, पण नियमित लिहिणारे हात मोजकेच आहेत. दरवर्षी २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की यावर हळहळ व्यक्त होते, महाविद्यालयांतून कार्यशाळा भरतात, मुलांची खाती उघडली जातात आणि मार्चमध्ये त्यातली बहुतेक खाती पुन्हा झोपी जातात. याचे निदानही ठरून गेलेले आहे: मराठी माणूस भाषेबद्दल उदासीन आहे, अभिमान मिरवतो पण चार ओळी लिहायला बसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून तर या निदानाला आणखीच धार आली आहे. आता मराठी माणसाला 'दर्जा मिळाला, आता तरी लिहा' असेही सुनावले जाते. हे निदान मला चुकीचे वाटते, आणि त्याहून जास्त ते सोयीचे वाटते. दोष स्वभावाचा ठरवला की कुणालाच काही करावे लागत नाही, दरवर्षी एक भाषण दिले की भागते. माझे म्हणणे असे की अडथळा बराचसा हत्यारात आहे. ज्या चौकटीत हा मजकूर लिहावा लागतो ती मराठी लिहिणाऱ्याच्या बोटांचा आणि मराठी व्याकरणाचा विचार करून घडलेली नाही. तसा विचार करणारे हत्यार एखाद्या साध्या मजकूर-संपादकाला विस्तार (एक्स्टेंशन) जोडून घडवता येते, आणि ते काम आवाक्यातले आहे.

उदासीनतेची गोष्ट आधी निकालात काढू. नांदेड जिल्ह्यातले नायगाव घ्या. पूर्वी बिलोली तालुक्यात असलेले आणि आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण झालेले हे गाव. अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास असतात आणि ते ओस पडलेले नसतात, कारण लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे गावोगाव अशी तरुण मुले-मुली आहेत की ज्यांची बोटे कळफलकाकडे न पाहता मराठी उमटवतात. या वेगाने सहाशे शब्दांचा लेख वीस मिनिटांत टाइप होतो. दुसरीकडे डीटीपीची दुकाने आहेत. शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, मठाचा इतिहास, निवृत्त गुरुजींनी लिहिलेली गावाची माहिती, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या स्थानिक माणसांच्या आठवणी असा मजकूर तिथे वर्षानुवर्षे जुळवला जातो, छापला जातो आणि नंतर संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यात पडून राहतो. यातले बरेच काही श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत आहे. ते उचलून विकीच्या चौकटीत चिकटवले तर अगम्य चिन्हांची रांग दिसते. म्हणजे लिहिणारे आहेत, लिहिलेलेही आहे. मग हे सगळे विकीच्या दारापाशी येऊन का थबकते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर मोजूनच दाखवता येते. विकीवरच्या लेखाची सुरुवात साधारण अशी होते: नायगाव हे नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण आहे. आठ शब्दांचे वाक्य. विकीच्या खुणांसह ते असे लिहावे लागते: '''नायगाव''' हे [[नांदेड जिल्हा|नांदेड जिल्ह्यातील]] एका [[तालुका|तालुक्याचे]] ठिकाण आहे. आता हे इनस्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे सरकारमान्य आणि संगणकासोबत आपसूक येणाऱ्या मराठी मांडणीवर टाइप करून पाहा. चौकोनी कंस उघडण्याच्या कळीवर तिथे 'ड' बसलेला आहे आणि शिफ्ट दाबली तर 'ढ'. कंस बंद करण्याच्या कळीवर नुक्ता आहे आणि शिफ्टसह 'ञ'. उभ्या रेघेच्या कळीवर 'ऑ'. ठळक अक्षरांसाठी लागणाऱ्या एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी 'ट'. मथळ्यासाठी लागणाऱ्या बरोबरीच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण. साच्यासाठी दुहेरी महिरपी कंस उघडावा तर 'ढढ' उमटते. विकीचे व्याकरण ज्या मूठभर चिन्हांवर उभे आहे, ती जवळजवळ सगळी चिन्हे मराठी लिहिताना कळफलकावरून नाहीशी झालेली असतात. त्यामुळे प्रत्येक खुणेपाशी इंग्रजी मांडणीत उडी मारायची आणि लगेच परत यायचे. वरच्या वाक्यात अशा आठ जागा आहेत. म्हणजे आठ शब्दांसाठी सोळा उड्या. त्यातली एखादी परतीची उडी विसरली की 'तालुका'च्या जागी रोमन अक्षरांचा गुंता होतो आणि मग तो खोडत बसायचे. मिनिटाला ३० शब्दांची कमाई इथे मातीत जाते. टंकलेखन यंत्राच्या जुन्या रेमिंग्टन वळणावर हात बसलेल्यांचीही गत वेगळी नाही, कारण त्यातल्या बहुतेक कळांवर तिथेही देवनागरीच आहे.

यात कुणाचा दोष शोधायचे कारण नाही. इनस्क्रिप्टची मांडणी १९८०च्या दशकातली आहे, तर वॉर्ड कनिंगहॅमने पहिली विकी १९९५ साली चालू केली. त्या पहिल्या विकीत दुवा द्यायचा म्हणजे दोन रोमन शब्द मधल्या मोठ्या अक्षरासह जोडून लिहायचे. देवनागरीत मोठी आणि लहान अशी अक्षरे नसतातच. ती पद्धत टिकली असती तर मराठीत विकी जन्मालाच आली नसती! विकिपीडियाने २००१ साली दुहेरी कंसांची पद्धत स्वीकारली आणि इतर लिप्यांना दार उघडले. पण ते दार रोमन कळफलकाच्या उंचीचे आहे. पहिली अडचण दूर झाली तेव्हा दुसरी अडचण ती पद्धत घडवणाऱ्यांना दिसण्याची शक्यताच नव्हती. ती दिसायची तर इथेच दिसणार.

इथे जाणकार मंडळी थांबवतील. ते म्हणतील, चौकटीच्या वर बटणांची पट्टी आहे, कंस तिथून घ्या. घेता येतात, पण आठ शब्दांत पुन्हा पुन्हा हात कळफलकावरून माउसकडे न्यायचा असेल तर उड्यांच्या जागी फेऱ्या आल्या, एवढाच फरक. ते म्हणतील, इनस्क्रिप्ट वापरतो कोण, आजची पिढी रोमनमध्ये उच्चाराप्रमाणे टाइप करते आणि त्यात कंस जागच्या जागी राहतात. हे बरोबर आहे आणि मला मान्य आहे. विकीच्या स्वतःच्या चौकटीत अक्षरांतरणाची सोय आहे आणि ती चांगली आहे. पण त्याचा अर्थ असा की जो मराठी टंकलेखन रीतसर शिकला त्याने ते विसरून इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने मराठीत यावे, तरच त्याचे स्वागत. हा उलटा न्याय झाला. आणि मोबाइलचे म्हणाल तर तिथे चौकोनी कंस आणि उभी रेघ चिन्हांच्या दुसऱ्या पानावर दडलेली असतात. पाच ओळींच्या दुरुस्तीला मोबाइल उत्तम, संदर्भांसह अख्खा लेख लिहायला तो शिक्षा आहे. तरीही वादापुरते मानू की कंसांचा प्रश्न सुटला. खरी अडचण त्याच्या पुढे सुरू होते आणि ती कुठल्याच कळफलकाने सुटणारी नाही.

ती आहे सामान्यरूपाची. इंग्रजीत नावाला सहसा विभक्तीचा प्रत्यय लागत नाही, अव्यय स्वतंत्र शब्द म्हणून आधी येते, नाव जसेच्या तसे राहते. म्हणून त्याला कंस घातले की दुवा तयार. मराठीत नाव वाक्यात शिरले की रूप बदलते. बरबडा हे नायगाव तालुक्यातले गाव, पण वाक्यात 'बरबड्यात'. घुंगराळा, पण 'घुंगराळ्याला'. कुंटूर लिहिताना ऊकार दीर्घ, 'कुंटुरात' म्हणताना ऱ्हस्व. देगलूरचेही तसेच. लोह्यात, तळ्याकाठी, विहिरीवर, जिल्ह्याच्या: प्रत्येक ठिकाणी लेखाचे शीर्षक एक आणि वाक्यातले रूप दुसरे. म्हणून मराठी लेखकाला दर दुव्यापाशी तोच शब्द दोनदा लिहावा लागतो, उभ्या रेघेच्या अलीकडे मूळ रूप आणि पलीकडे वाक्यातले. जिथे मूळ रूप बदलत नाही तिथे थोडी सूट आहे: 'नांदेड'ला कंस घालून बाहेर 'मध्ये' जोडले तर विकी ते एकाच दुव्यात गुंफून घेते. पण 'नायगावात' लिहायचे झाले तर मूळ मजकुरात [[नायगाव]]ात असे दिसते. काना कंसाबाहेर एकटा लटकतो, त्याच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ येते आणि नवख्या लिहिणाऱ्याला वाटते की आपण काहीतरी मोडले. पान जतन झाल्यावर ते ठीक दिसते, हे त्याला कोण सांगणार? या सगळ्याला कंटाळून बरेच जण दुवे देणेच सोडतात, आणि मग मराठी लेख एकमेकांना न ओळखणाऱ्या शेजाऱ्यांसारखे उभे राहतात.

विस्ताराची कल्पना नेमकी इथे कामाची ठरते. लिहिणाऱ्याने सरळ 'बरबड्यात' लिहावे आणि एक कळ दाबावी. विस्ताराने प्रत्यय सोडवावा, 'बरबड्या' हे सामान्यरूप कशाकशापासून आले असू शकते ते ताडावे, त्या नावांचा लेख आहे का ते शीर्षकांच्या यादीत पाहावे आणि पूर्ण दुवा पुढे ठेवावा. शालेय व्याकरणातले नियम यासाठी पुष्कळ पुरतात: आकारान्त पुल्लिंगी 'या'कारान्त होते, एकारान्त नपुंसकलिंगीही तसेच, उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व होतो. उलट दिशेने जाताना संदिग्धता येते, हे खरे. 'पुण्यात' हे पुणे शहरातून आले की पुण्य या शब्दातून, ते यंत्राला कळणार नाही. कळायची गरजही नाही. दोन पर्याय दाखवावेत, माणूस निवडील. शीर्षकांची यादी विकिमीडिया सार्वजनिकरीत्या देते, कुणीही उतरवून घ्यावी. मराठीपुरती ती आजच्या संगणकाला जाणवणारही नाही इतकी लहान आहे. हे सगळे करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. लागते ती मराठी व्याकरण येणाऱ्या आणि थोडेफार प्रोग्रामिंग येणाऱ्या माणसांची जोडी. इंग्रजीसाठी घडलेल्या विस्तारात ही सोय कधीच सापडणार नाही, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याला ती हवीशीच वाटलेली नाही. मराठी विकीवर स्थानिकीकरण झाले नाही असे मात्र कुणी म्हणू नये. चित्राच्या छोट्या रूपासाठी तिथे 'इवलेसे' असा गोड शब्द आहे, साचा आहे, वर्ग आहे, सदस्य आहे, आणि ते ज्यांनी सुचवले त्यांची भाषेची समज उत्तम होती. पण ते शब्दांचे स्थानिकीकरण झाले. बटणांची नावे मराठी झाली, बटणांची अक्कल इंग्रजीच राहिली.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. विकीवर यथादृश्य संपादक आलेला आहे. कंस नाहीत, रेघ नाही, वर्डमध्ये लिहावे तसे लिहा. मग जुन्या खुणांच्या मजकुराला साज चढवण्यात श्रम कशाला घालवायचे? या संपादकाबद्दल माझी तक्रार नाही. नवख्याला पहिली दुरुस्ती करायला तो खरोखर सोपा आहे. पण तो आला म्हणजे प्रश्न मिटला, हे मान्य करता येत नाही. २०१३च्या जुलैत तो इंग्रजी विकिपीडियावर सर्वांसाठी चालू केला गेला आणि तिथल्या जुन्या संपादकांच्या विरोधामुळे सप्टेंबरात तो पुन्हा ऐच्छिक करावा लागला. पुढे तो बराच सुधारला. तरी साच्यांची, मोठ्या तक्त्यांची आणि एकाच वेळी अनेक पाने दुरुस्त करण्याची कामे मूळ मजकुरातच होत राहिली. आपल्या मुद्द्यापुरते पाहा: यथादृश्य संपादकात 'तालुक्याचे' हा शब्द निवडून दुव्याची खिडकी उघडली तर ती 'तालुक्याचे' याच नावाचा लेख शोधू लागते. तो नसतो. मग मूळ शब्द पुन्हा टाइप करा. कंस गेले, सामान्यरूप राहिले. शिवाय ही चौकट ब्राउझरमध्ये, जोडणी चालू असतानाच उघडते. लेख लिहिण्याचे काम मात्र असे की पुस्तक उघडे ठेवून, थांबत थांबत, दोन-तीन बैठकांत व्हावे. साध्या मजकुराची फाइल पेनड्राइव्हवर राहते, डीटीपीच्या दुकानात उघडते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुढे सरकते, आणि नेट असेल तेव्हा विकीवर चढते. तालुक्याच्या गावी हा फरक चैनीचा नाही.

याहून सूक्ष्म, पण जास्त घातक असा एक घोटाळा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द घ्या. मराठवाड्यातल्या गावाबद्दल लिहिताना तो टाळताच येत नाही. त्यातला अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त, दुसरी, साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन निरनिराळे शब्द. 'ॲ'चेही तसेच: २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधीचा आणि आजही बराचसा मजकूर 'अ'वर चंद्र ठेवून लिहिलेला आहे. विकीची यंत्रणा काही दुहेरी रूपे आपणहून एक करते, पण या जोड्या तिच्या नियमांत बसत नाहीत. परिणाम असा की एकाने एका रूपात लेख लिहिला, दुसऱ्याने दुसऱ्या रूपात दुवा दिला, तर दुवा लाल राहतो. मग तिसरा माणूस लेख नाहीच असे समजून त्याच विषयावर नवा लेख सुरू करतो. कोणत्या रूपात टाइप होईल हे लिहिणाऱ्याच्या कळफलकावर अवलंबून असते, त्याच्या शुद्धलेखनावर नाही. त्याला कितीही कार्यशाळांना बसवा, न दिसणारी चूक तो सुधारणार कशी? जतन करताना सगळी रूपे एका प्रमाण रूपात आणणे हे यंत्राचेच काम आहे आणि विस्तारात ते दहा-वीस ओळींत होते. तोच विस्तार श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणू शकतो. तसे परिवर्तक अस्तित्वात आहेतच, फक्त ते लिहिण्याच्या जागी जोडलेले नाहीत.

नावांचे पाहा. महाराष्ट्रात नायगाव एकच नाही. सातारा जिल्ह्यातले नायगाव ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुल्यांचे गाव; मुंबईतले नायगाव बीडीडी चाळींचे; पश्चिम रेल्वेवर वसईच्या अलीकडचे नायगाव स्टेशन; बीड जिल्ह्यात पाटोद्याकडचे नायगाव मोरांच्या अभयारण्याचे; आणि आपले हे नांदेडचे, ज्याला जनगणनेच्या कागदात नायगाव (खैरगाव) म्हणतात आणि लोक नायगाव बाजार म्हणतात. तालुक्यातली नरसीही तशीच. हैदराबाद रस्त्यावरची ही नरसी वेगळी आणि हिंगोली जिल्ह्यातली, परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नरसी वेगळी. बाहेरच्या संपादकाने घाईत 'नायगाव' किंवा 'नरसी'ला दुवा दिला की तो भलत्याच गावात जाऊन पोचतो. चांगला विस्तार तिथे अडवील आणि विचारील, यातले कोणते? नावांपलीकडे मजकूर पाहिला, तर मराठी विकीवर गावांच्या लेखांची एकसाची मालिका आहे: हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा असे मथळे, आणि त्यांच्याखाली कुठल्याही गावाला लागू पडतील अशी वाक्ये किंवा कोरी जागा. ती पाहून पुन्हा उदासीनतेचेच बोल लावले जातात. मला त्यात वेगळे दिसते. ज्यांच्याकडे घाऊक हत्यारे होती त्यांनी घाऊक सांगाडे उभे केले. ज्याला गावची बारव कुठे आहे आणि बाजार कोणत्या वारी भरतो हे ठाऊक आहे, त्याच्या हातात किरकोळ कामाचेही हत्यार दिलेले नाही.

काहींना याच्या उलट भीती वाटते: संपादन सोपे केले की कचरा वाढेल, स्थानिक पुढाऱ्यांची चरित्रे येतील, वर्तमानपत्रातले उतारे जसेच्या तसे पडतील, थोडी अडचण असलेली बरी, ती चाळणीचे काम करते. पण ही चाळणी नेमके काय अडवते ते तपासा. उचललेला उतारा चिकटवायला एकही कंस लागत नाही. पुढाऱ्याचे गुणगान लिहायला दुवा लागत नाही, संदर्भ तर नकोच असतो. अडचण येते ती ज्याला संदर्भाचा साचा भरायचा आहे, दुवे नीट द्यायचे आहेत, लेख योग्य वर्गात टाकायचा आहे त्याला. विकीच्या खुणांपैकी सर्वांत किचकट खूण संदर्भाचीच आहे, आणि लिहिणारा दमला की सर्वांत आधी संदर्भच गळतो. म्हणजे या चाळणीतून खडे सुखरूप खाली उतरतात आणि दाणे वर राहतात. दर्जाची काळजी असणाऱ्याने संदर्भ देणे सोपे करण्याचा आग्रह आधी धरायला हवा.

नवा आक्षेप कृत्रिम बुद्धीचा. यंत्राला सांगा, ते खुणांसह अख्खा लेख लिहून देईल. खुणा ते बऱ्या घालते. त्यासाठी त्याचा उपयोग करायला हरकत नाही. पण नायगावबद्दल यंत्राला तेवढेच ठाऊक असते जेवढे कुणी आधी लिहून ठेवले, आणि ते फारच थोडे आहे. उरलेली जागा ते आत्मविश्वासाने कल्पनेने भरते, नसलेल्या पुस्तकांचे संदर्भसुद्धा देते. ज्या मजकुराची चणचण आहे तो माणसांच्या डोक्यात आणि डीटीपीच्या संगणकांवर आहे.

राहता राहिले हे आक्षेप: असा विस्तार कोण वापरणार, आणि तो सांभाळणार कोण? पहिल्यात तथ्य आहे. विस्तार जोडता येणारे संपादक म्हटले की इमॅक्स आणि विम ही नावे पुढे येतात, पण ते प्रोग्रामरांचे, त्यांच्या आज्ञा शिकायलाच महिना जातो. गुरुजींना ते द्या असे कुणी म्हणत नाही. तरी त्यांच्याकडे पाहायला हवे ते एका गोष्टीसाठी. या दोन्हींत देवनागरी टाइप करण्याची सोय संपादकाच्या आतच करता येते, संगणकाच्या यंत्रणेत करावी लागत नाही. म्हणून मजकुरात 'क' उमटत असतानाही आज्ञांच्या कळा रोमनच राहतात, भाषा बदलावी लागत नाही. इमॅक्समध्ये देवनागरीसाठी इनस्क्रिप्टसकट टंकनपद्धती आहेत, आणि विकीचे पान थेट संपादकात उघडून तिथूनच जतन करणारा विस्तारही आहे. विमची कळ-मांडणी मजकूर लिहिण्यापुरती लागू होते; मात्र टर्मिनलमध्ये त्याची जोडाक्षरे विस्कटतात, तेव्हा मराठीसाठी त्याची भलामण मी करणार नाही. घ्यायचे ते तत्त्व: कळफलकाचा ताबा संपादकाकडे असला की दोनदा 'ड' दाबल्यावर दुव्याचा कंस उघडायचा, हे ठरवणे आपल्या हातात येते. मराठीत सलग दोन पूर्ण 'ड' क्वचितच येतात. तसा शब्द कुणी लिहिलाच तर पूर्ववत करण्याची कळ दाबून तो परत मिळवता येईल. हेच तत्त्व व्हीएस कोडसारख्या, मेनू आणि माउस असलेल्या मोफत संपादकात बसवता येते. त्यासाठी विकिमजकुराचा विस्तार आधीपासून उपलब्ध आहे, त्याला मराठीची जोड द्यायची आहे. वापरणाऱ्याला आत काय चालते ते कळण्याची गरज नाही.

सांभाळण्याच्या बाबतीत मात्र इतिहास सावध करणारा आहे. ब्राउझरमधली कुठलीही चौकट बाहेरच्या संपादकात उघडून देणारा 'इट्स ऑल टेक्स्ट' नावाचा फायरफॉक्सचा विस्तार होता, विकीवर लिहिणाऱ्यांच्या तो फार कामाचा होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीचे विस्तार बंद केले आणि तो संपला. हौशी माणसाच्या एकट्या खांद्यावर उभे केलेले काम असे एका फटक्यात जाते. म्हणून हे काम एखाद्या संस्थेच्या अंगणात व्हायला हवे, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहण्याचे कारण नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संगणकशास्त्राचे संकुल आहे आणि भाषा-साहित्याचेही. सामान्यरूपाचे नियम एका संकुलात लिहिले जातील, त्यांची तपासणी दुसऱ्यात होईल. दरवर्षीच्या विद्यार्थी-प्रकल्पांपैकी एक या कामाला दिला तरी पाच वर्षांत नियमांची बऱ्यापैकी पूर्ण वही तयार होईल. ती वही कुठल्याही एका संपादकाला बांधलेली नसावी. साध्या फाइलीत, उघड परवान्याखाली नियम ठेवले तर आजचा संपादक बंद पडला तरी उद्याच्या संपादकाला ते जोडता येतील, आणि विकिमीडियाला पुढे कधी यथादृश्य संपादकात ते घ्यावेसे वाटले तर तेही आयते मिळतील. तोवर २७ फेब्रुवारीच्या कार्यशाळेत भाषणाचा वेळ निम्म्याने कमी करून मुलांना टायपिंग क्लासमध्ये शिकलेल्या कळफलकावरच बरबडा, कुंटूर आणि नरसीची पाने लिहायला द्यावीत, आणि प्रत्येकाला किती उड्या माराव्या लागल्या ते फळ्यावर लिहून घ्यावे.